नुआर चित्रपटातील गुप्तहेर आणि ‘केवळ प्रौढांसाठी’ चित्रपट : पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासलेखनात काही विषय संकोचामुळे मागे पडले. ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट हा त्यांपैकी एक होय. त्याची गणना कलेत होत नाही म्हणून समीक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली आणि तो सभ्य समजला जात नाही म्हणून महाविद्यालयीन संशोधनातही त्याला जागा मिळाली नाही. वस्तुतः समाजाने काय पाहावे, कोणी पाहावे आणि कोणत्या निमित्ताने पाहावे, या तीन प्रश्नांची उत्तरे याच चित्रपटांच्या इतिहासात सापडतात. प्रस्तुत निबंधात गुन्हेशोधक चित्रपटाचे, विशेषतः ‘फिल्म नुआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाचे, प्रौढांसाठीच्या चित्रपटाशी असलेले नाते तपासले आहे. त्यासाठी अमेरिकेतील घडामोडींची पार्श्वभूमी घेऊन पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराशी संबंधित उदाहरणांचा विचार केला आहे.

नुआर चित्रपटाचे संकेत

‘फिल्म नुआर’ म्हणजे काळा चित्रपट. ही संज्ञा फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये काही अमेरिकन चित्रपटांना उद्देशून वापरली. जॉन ह्यूस्टन यांचा ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) आणि बिली वाइल्डर यांचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) ही या प्रवाहाची ठळक उदाहरणे होत. रात्रीचे शहर, एकाच दिव्याचा तिरपा प्रकाश, भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, भूतकाळाबद्दलचे निवेदन, जिच्यावर विश्वास ठेवता येत नाही अशी मोहक स्त्री आणि पैशासाठी काम करूनही स्वतःची नीती सांभाळणारा खासगी गुप्तहेर, हे या चित्रपटांचे ठरून गेलेले संकेत आहेत.

यांपैकी गुप्तहेराचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. परक्याच्या घरात शिरणे, कपाट उघडणे, पत्रे वाचणे, कोण कोणाला भेटते यावर पाळत ठेवणे, ही सारी कृत्ये एरवी असभ्य ठरतात. गुप्तहेराने ती केली म्हणजे ते कर्तव्य होते. त्याच्या मागोमाग प्रेक्षकही बंद खोलीत शिरतो आणि तरीही निर्दोष राहतो. गुप्तहेर हा अशा रीतीने पाहण्याचा परवाना आहे. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र हासुद्धा पाहण्याचाच परवाना आहे. मात्र तो कथेने नव्हे, तर शासनाने दिलेला असतो. या दोन परवान्यांचे परस्परांशी जमले कसे आणि बिनसले कसे, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

अमेरिकेतील वळण

हॉलीवूडमध्ये १९३४ पासून नीतिसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. रेमंड चँडलर यांच्या ‘द बिग स्लीप’ (१९३९) या कादंबरीत ब्लॅकमेलचे मूळ एका तरुणीच्या विवस्त्र छायाचित्रात आहे आणि पुस्तकविक्रीच्या आडून अश्लील पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानाभोवती कथानक फिरते. हॉवर्ड हॉक्स यांनी १९४६ मध्ये तिच्यावर चित्रपट केला तेव्हा यांतले काहीही उघडपणे सांगता येत नव्हते. पडद्यावरची तरुणी पूर्ण वस्त्रांत दिसते आणि दुकानात नेमके काय चालते हे प्रेक्षकाने ताडावे लागते. चित्रपटाचे कथानक समजायला अवघड असल्याची तक्रार नेहमी केली जाते. त्या अवघडपणाचे एक कारण या दडपलेल्या मजकुरात आहे. नुआर चित्रपटातील सावली ही केवळ शोभेची नव्हती. जे दाखवता येत नव्हते ते सूचित करण्याचे काम तिच्याकडे होते.

नीतिसंहिता १९६८ मध्ये संपुष्टात आली आणि तिच्या जागी वयानुसार वर्गीकरण आले. त्यानंतर अल्पावधीतच उघड लैंगिक चित्रपट तेथील चित्रपटगृहांत पोहोचले. बॉब चिन यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘जॉनी वाड’ या मालिकेचा नायक खासगी गुप्तहेरच होता. गुप्तहेराची ही निवड सोयीची होती. चौकशीसाठी दारोदार फिरणारा माणूस असला की प्रत्येक दारामागे नवा प्रसंग घालता येतो. तथापि, येथे जुन्या संकेतांचा अर्थ पालटला. सर्वच दाखवता येऊ लागल्यावर सुचवण्यासारखे काही उरले नाही. गुन्ह्याचा शोध हे निमित्त ठरले आणि सावली ही सजावट झाली. ज्या अश्लीलतेवर पडदा टाकण्यासाठी नुआरची भाषा घडली, तीच उघड झाल्यावर त्या भाषेचा केवळ सांगाडा मागे राहिला.

भारतातील प्रमाणपत्र आणि गुन्हेपट

भारतात ‘अ’ आणि ‘यू’ हे वर्गीकरण सिनेमॅटोग्राफ कायद्यातील १९४९ च्या दुरुस्तीने आले. केंद्रीय चित्रपट अभ्यवेक्षण मंडळ १९५१ मध्ये स्थापन झाले व १९५२ च्या कायद्याने सर्व तरतुदी एकत्र आणल्या. गुरुदत्त यांचा ‘बाजी’ हा चित्रपट १९५१ सालचाच. त्यातील जुगाराचा अड्डा, क्लबातील नर्तकी आणि अंधारात बसून हुकूम सोडणारा मालक यांतून नुआरचे संकेत हिंदी पडद्यावर रुळले. राज खोसला दिग्दर्शित ‘सी. आय. डी.’ (१९५६) मध्ये व्ही. के. मूर्ती यांच्या छायाचित्रणाने ते अधिक ठसठशीत झाले. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आणि नुआरची भाषा या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आल्या, परंतु एकत्र नांदल्या नाहीत. गुन्हेपट कुटुंबाने मिळून पाहण्याचा राहिला आणि नुआरमधील मोहिनीचे काम गाण्याकडे गेले.

मराठीत याला पोषक परंपरा आधीपासून होती. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड हे त्यांचे नायक वाचनालयांतून घराघरांत पोहोचले. पुढे पुण्याच्या सुहास शिरवळकर यांनी फिरोज इराणी व मंदार पटवर्धन यांना लोकप्रिय केले. रहस्यकथेवर ती हलकी असल्याचा आरोप झाला. तरीही ती कुटुंबाच्या वाचनातून हद्दपार झाली नाही.

‘पाठलाग’ : न्यायालयातील खासगीपणा

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा या संदर्भात अभ्यासण्याजोगा मराठी चित्रपट आहे. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वकील नायकाची पत्नी मरण पावते. त्यानंतर तिच्यासारखीच दिसणारी एक स्त्री गुन्हेगार म्हणून पकडली जाते आणि आपणच त्याची पत्नी आहोत असे ती सांगते. नायकाची भूमिका काशिनाथ घाणेकर यांनी केली होती. राज खोसला यांनी याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) काढला.

सारखा चेहरा, दुहेरी ओळख आणि जिच्याबद्दल खात्री वाटत नाही अशी स्त्री ही सामग्री नुआरचीच आहे. येथे गुप्तहेराचे काम वकील करतो आणि बंद खोलीची जागा न्यायालय घेते. पती-पत्नीलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी भर न्यायालयात पुरावा म्हणून तपासल्या जातात. दांपत्यजीवनाचा जो भाग पडद्यावर दाखवणे अशक्य होते, तो उलटतपासणीच्या रूपाने सभ्यपणे बोलला गेला. मुलाबाळांसह बसलेल्या प्रेक्षकाला अवघडल्यासारखे वाटत नाही, कारण त्याच्यासमोर देह येत नाही, साक्ष येते. सुचवण्याची जी शक्ती अमेरिकेतील उघड चित्रपटात आटली, ती येथे टिकून राहिली.

गुप्तहेराऐवजी सुधारक आणि वैद्य

न्या. जी. डी. खोसला समितीने १९६९ च्या अहवालात कथानकाची गरज असेल तर चुंबन व नग्नता दाखवण्यास हरकत नसावी अशी भूमिका घेतली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लघुपटाला मुंबईतील वेश्यावस्तीच्या काही दृश्यांमुळे ‘अ’ प्रमाणपत्र देण्यात आले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वपरीक्षण व वर्गीकरण वैध ठरवले. त्याच वर्षी बी. आर. इशारा यांचा ‘चेतना’ प्रदर्शित झाला. त्यातील रेहाना सुलतान आणि अनिल धवन हे दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी होते. पुढे १९७४ मध्ये बी. के. आदर्श यांच्या ‘गुप्त ज्ञान’ने लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली मोठी गर्दी खेचली.

या दोन्ही चित्रपटांत गुप्तहेर नाही, ही बाब लक्षणीय आहे. ‘चेतना’मध्ये पाहण्याचा परवाना सामाजिक प्रश्नाने दिला आणि ‘गुप्त ज्ञान’मध्ये तो वैद्यकशास्त्राने दिला. अमेरिकन प्रौढ चित्रपटाने गुन्ह्याचे निमित्त घेतले, तर आपल्याकडे सुधारणेचे व आरोग्याचे. याचे मूळ महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात शोधता येते. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक विषय बोलायचा तर तो शास्त्राच्या आधाराने बोलावा, हा दंडक कर्वे यांनी प्रामाणिकपणे पाळला. चित्रपट व्यवसायाने त्याचा सोयीस्कर वापर केला. म्हणूनच नुआरचे संकेत आपल्याकडे देहाला नव्हे, संशयाला बांधलेले राहिले.

‘अंधाधुन’ : परवान्याची उलटापालट

हे दोन्ही प्रवाह २०१८ मध्ये पुण्याच्या पार्श्वभूमीवर एकत्र आले. पुण्याच्या इन्स्टिट्यूटचेच विद्यार्थी असलेले श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ पुण्यात घडतो. त्यात खून होतो तो एका निवृत्त नटाचा आणि ती भूमिका ‘चेतना’च्या नायकाने, अनिल धवन यांनी, केली आहे. खुनात सामील असलेला माणूस पोलीस अधिकारी आहे. म्हणजे शोध घेणाराच लपून बसला आहे. आणि ज्याला सर्व दिसते, तो पियानोवादक आंधळ्याचे सोंग घेऊन वावरतो. आंधळा समजून लोक त्याच्यासमोर संकोच सोडतात. गुप्तहेराला कर्तव्याने मिळणारा परवाना येथे फसवणुकीने मिळवला आहे. त्यामुळे प्रेक्षकही निर्दोष राहत नाही. सर्व काही दाखवण्याची मुभा आल्यानंतरही पाहण्याची किंमत काय, हा नुआरचा जुना प्रश्न हा चित्रपट पुन्हा विचारतो.

औद्योगिक पट्टा आणि प्रेक्षकाचा पुरावा

चित्रपटांचा इतिहास निर्मितीपाशी संपत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. चांगला-वाईट असा भेद न करता जे मिळेल ते जपावे, हा पी. के. नायर यांचा आग्रह होता. तरीही जानेवारी २००३ मधील आगीत सहाशेहून अधिक नायट्रेट चित्रपट नष्ट झाले. जपूनही जे हातचे जाते, तेथे कोणी जपतच नाही त्याचे काय होणार, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

संग्रहालयात चित्रपट मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. तो शोधायचा तर पिंपरी-चिंचवडसारखे क्षेत्र महत्त्वाचे ठरते. फाळणीनंतरची निर्वासित वसाहत, १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, त्यानंतर आलेले वाहन उद्योग, १९७० मधील नगरपालिका, १९८२ मधील महानगरपालिका आणि पुढे चाकणपर्यंत झालेला विस्तार, असा या पट्ट्याचा क्रम आहे. पाळ्यांमध्ये काम करणारा, गावाकडून एकटा आलेला कामगार हा येथील प्रेक्षकांतला मोठा घटक होता. कायद्याच्या दृष्टीने ‘अ’ प्रमाणपत्राची अट वयाची, अठरा वर्षे पूर्ण असण्याची. व्यवहारात मात्र त्या खेळांतून स्त्रिया आपोआप वगळल्या गेल्या. वयाचा परवाना प्रत्यक्षात पुरुषाचा परवाना झाला.

याचा पुरावा चित्रपटाच्या रिळांत नाही. तो चित्रपटगृहांच्या परवान्यांच्या कागदपत्रांत, १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाखाली ठेवाव्या लागणाऱ्या तिकीटविक्रीच्या हिशेबांत, भित्तिपत्रकांत आणि डोअरकीपर, ऑपरेटर व प्रेक्षक यांच्या आठवणींत आहे. करमणूक शुल्क २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाले. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत आहेत आणि त्यांची दफ्तरे रद्दीत जात आहेत.

निष्कर्ष

१. नुआर चित्रपटातील गुप्तहेर हा प्रेक्षकाला पाहण्याचा नैतिक परवाना देणारा संकेत आहे. दाखवण्यावर बंधन असताना तो अर्थपूर्ण होता. अमेरिकेतील उघड प्रौढ चित्रपटात तो केवळ निमित्त उरला.

२. भारतात प्रौढ चित्रपटाने गुप्तहेराऐवजी सुधारक व वैद्य यांचा आधार घेतला. परिणामी ‘पाठलाग’सारख्या चित्रपटांत नुआरची सूचकता कौटुंबिक चौकटीत टिकली.

३. या इतिहासातील प्रेक्षकाची बाजू औद्योगिक परिसरातील स्थानिक कागदपत्रांवर अवलंबून आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी ती संकलित करण्याचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घेणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. विषयाबद्दलचा संकोच मात्र बाजूला ठेवावा लागेल. १९७० च्या सुमारास तरुण असलेला प्रेक्षक आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, हे ध्यानात घेता हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.