वर्गाचे दार आणि कचेरीचे दार

ज्या मुलांना पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हणत, त्यांच्या शिक्षणाचा आरंभ महाराष्ट्रात मोठ्या शहरांतून झाला. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची ‘कामायनी’ १९६४ची. अक्षरओळखीच्या जोडीला हातांना कामही हवे, हे अशा शाळांना उमगले. एरवी शिक्षण संपताच मूल पुन्हा घराच्या चार भिंतींत परतत असे.

कायद्याची चाल मात्र विलक्षण. १९९५च्या कायद्याने मतिमंदत्वाची गणना अपंगत्वात केली, शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागाही राखल्या. परंतु सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग व मेंदूचा पक्षाघात असलेल्यांत वाटून संपले. वर्गाचे दार उघडे, कचेरीचे बंद! एकवीस वर्षांनी, २०१६च्या कायद्याने, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का पदे आली. उच्च शिक्षणात दिव्यांगांना पाच टक्के जागा झाल्या.

तरीही वेळेवर पोहोचणे, सूचना कळली नाही तर पुन्हा विचारणे, मजुरी मोजून घेणे, हे कोणत्या पदवीत शिकवतात? २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. आपल्याकडे संत्र्यांची प्रतवारी, पेट्या भरणे, ही कामे ठरावीक क्रमाने चालतात, आणि असा क्रम मानवणारी मुले आपल्याच घरांत आहेत. त्यांना पेट्यांशीच जखडावे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याला आकड्यांची गोडी, त्याला हिशेबाला बसवून पाहावे. महाविद्यालयाने दहा मुलांची तुकडी काढावी; व्यापाऱ्यांनी तिला हंगामभर, रीतसर मजुरीवर, काम द्यावे.