जयपूर, १० जानेवारी १७५१ : दोघांनीही विसरलेला दिवस



जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या बाजूला, प्रताप नगर नावाची मोठी वसाहत आहे. हाउसिंग बोर्डाची घरं, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर. तिला लागून टोंक रोड जातो. या रस्त्याने दक्षिणेला निघालात की निवाई लागतं, पुढे टोंक. टोंक म्हणजे होळकरांचा साथीदार अमीरखान याला इंग्रजांनी १८१७ च्या तहात कायम करून दिलेलं संस्थान. आणि निवाईला १७४८ साली खुद्द नानासाहेब पेशव्यांचा मुक्काम होता. म्हणजे आज विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या जिथे खोळंबतात, तो सगळा पट्टा एकेकाळी मराठी फौजांच्या पायाखालचा होता. पण प्रताप नगरात कुणाला विचारा, किंवा पुण्यात, इंदुरात, बेळगावात विचारा, हे कुणाला आठवत नाही.

आज आपण या न आठवण्याबद्दल बोलणार आहोत.

आधी गोष्ट समजून घेऊ. सवाई जयसिंग १७४३ मध्ये वारले. त्यांचं मराठ्यांशी बरं होतं. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेत यात्रेला गेल्या, तेव्हा जयसिंगांनी त्यांचा मोठा सत्कार केला. त्यांच्या पदरचे ज्योतिषी जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. जयसिंगांचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे मूळचे महाशब्दे. त्यांच्या घराण्याची हवेली जयपूरच्या ब्रह्मपुरीत आजही दाखवतात. हा झाला चांगल्या संबंधांचा भाग, आणि तोही आपण विसरलोच आहोत.

जयसिंगांनंतर गादीवरून वाद लागला. थोरला मुलगा ईश्वरीसिंग गादीवर बसला. धाकटा माधोसिंग उदयपूरच्या राजकन्येचा मुलगा, आणि तिच्या मुलालाच गादी मिळेल असा करार १७०८ मध्येच झालेला. दोघांनाही फौज हवी होती, आणि पैसे घेऊन फौज देणारे त्या वेळी मराठेच होते. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंगाकडे, तर मल्हारराव होळकर माधोसिंगाच्या बाजूने. एकाच पेशव्यांचे दोन सरदार, आणि दोन भावांना दोन पाठीराखे.

१ मार्च १७४७ रोजी बनास नदीकाठी राजमहाल इथे ईश्वरीसिंगाने मेवाड, कोटा आणि त्यांच्या मदतीला आलेली होळकरांची तुकडी या सगळ्यांचा पराभव केला. त्या विजयाची आठवण म्हणून त्रिपोलिया बाजारात सात मजली मनोरा उभा राहिला. त्याचं नाव इसरलाट, लोक सरगासूली म्हणतात. बांधून पूर्ण झाला १७४९ मध्ये. पण त्याआधीच, ऑगस्ट १७४८ मध्ये, बगरूला ईश्वरीसिंगाला हार खावी लागली. भावाला परगणे आणि मराठ्यांना पैसे देण्याचं त्याने कबूल केलं. मनोरा पूर्ण झाला तेव्हा तो ज्या विजयाचा होता, तो विजयच हातात उरला नव्हता.

पैसे द्यायला तिजोरीत काही नव्हतं. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव फौज घेऊन वसुलीला जयपूरकडे आले. ते जवळ आल्याची खबर लागली आणि ईश्वरीसिंगाने विष घेतलं. त्याच्याबरोबर काही राण्यांनीही जीव दिला. ज्या राजाचे वडील आपल्या पेशव्यांच्या आईचं स्वागत करतात, तो राजा पंधरा वर्षांनी आपल्या हप्त्याच्या धाकाने मरतो. हे वाक्य सोपं नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

माधोसिंग गादीवर आला. तो मराठ्यांनीच बसवलेला राजा, पण आता मागणी वाढली. जयाप्पा शिंदेही येऊन पोहोचले. खंडणीशिवाय मुलूखही हवा होता. आणि १० जानेवारी १७५१ रोजी स्फोट झाला. त्या दिवशी मराठ्यांच्या छावणीतली हजारो माणसं शहर पाहायला आत गेली होती. जयपूर तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचं शहर होतं, सरळ रस्त्यांचं, नव्या देवळांचं. दुपारी वेशी बंद झाल्या आणि कापाकापी सुरू झाली. ती रात्रीपर्यंत चालली. मेलेल्यांचा आकडा साधारण तीन हजारांचा सांगितला जातो. पेशवे दप्तराच्या कागदांतून आणि जदुनाथ सरकारांच्या लेखनातून हा दिवस आपल्यापर्यंत आला आहे. म्हणजे कागद हरवलेले नाहीत. हरवली आहे ती आठवण.

का हरवली?

जयपूरची बाजू पाहू. इसरलाट दाखवताना आज गोष्ट सांगतात ती प्रेमाची. सेनापती हरगोविंद नाटाणीच्या मुलीला पाहता यावं म्हणून राजाने मनोरा बांधला, अशी. गोड गोष्ट आहे. तिच्यात राजमहालची लढाई नाही, बगरूचा पराभव नाही, विषाचा पेला नाही. पाहुण्यांवर वेशी बंद केल्याचा दिवस तर नाहीच नाही. आतिथ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराला तो दिवस सांगणं अवघड जातं.

आता आपली बाजू. तीन हजार माणसं एका दिवसात मेली, तरी मराठीत त्यांचा पोवाडा घरोघरी झाला नाही, शाळेत धडा आला नाही. कारण उघड आहे. ही गोष्ट सांगितली की ऐकणारा लगेच विचारतो, मुळात आपली माणसं तिथे कशासाठी गेली होती? उत्तर आहे, वसुलीसाठी. अटकेपार झेंडे लावले हे सांगताना असा प्रश्न कुणी विचारत नाही.

जगात असं इतरत्रही झालं आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची ग्रीनवुड ही संपन्न वस्ती जाळून टाकली. पुढची अनेक दशकं त्या राज्यातल्या मुलांना शाळेत हे कुणी सांगितलं नाही. शेवटी १९९७ मध्ये आयोग नेमला गेला आणि २००१ मध्ये त्याचा अहवाल आला. पण फरक लक्षात घ्या. टल्सामध्ये मारले गेलेल्यांच्या घरांत आठवण जिवंत होती, दाबली गेली होती ती सार्वजनिक आठवण. जयपुरात मेलेले परक्या फौजेचे होते आणि मारणारे गांजलेल्या शहराचे. इथे एक बाजू निखळ निर्दोष नाही. अशी गोष्ट कुणाच्याच कामाची नसते, म्हणून ती सांभाळायला कुणी पुढे येत नाही.

यात बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. बिघडलं ते पानिपताच्या बाबतीत. १४ जानेवारी १७६१ चा विषय निघाला की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, की राजपूत मदतीला आले नाहीत. आले नाहीत हे खरं. पण ही तक्रार आपण अशी करतो, जणू त्याआधी आपला त्यांचा संबंधच नव्हता. पानिपताच्या दहा वर्षं आधी जयपूरचा राजा विष घेऊन मेला होता, आणि त्याच शहरात तीन हजार मराठे कापले गेले होते. सहा वर्षं आधी, जुलै १७५५ मध्ये, नागौरजवळ मारवाडच्या मारेकऱ्यांनी जयाप्पा शिंद्यांचा खून केला होता. एवढं सगळं मध्ये असताना जयपूर आणि जोधपूर भाऊंच्या छावणीत दाखल झाले असते, तर तेच नवल. मधली दहा वर्षं गाळली की पानिपत फक्त नशिबाची आणि दगाबाजीची गोष्ट उरते. ती दहा वर्षं परत जागेवर ठेवली की तिच्यात हिशेब दिसू लागतो, आणि त्या हिशेबात आपलीही बाकी निघते.

याचा अर्थ मल्हाररावांना किंवा जयाप्पांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, असा नाही. पुण्याच्या डोक्यावर कर्ज होतं, फौजेचे पगार थकले होते, आणि सरदार वसुली करत होते ती त्यासाठीही. जयपूरकरांनाही खुनी म्हणून मोकळं होता येत नाही. दोन्हीकडची कारणं समजून घ्यायची, आणि दोन्हीकडचे मेलेले मोजायचे.

महाराष्ट्रातून दरवर्षी किती कुटुंबं जयपूरला जातात! हवामहालासमोर फोटो होतात, बगरूची छापील चादर घरी येते. यंदा गेलात तर इसरलाटेपाशीही थांबा. प्रेमाची गोष्ट ऐका. मग मुलांना डिसेंबर १७५० आणि १० जानेवारी १७५१ या दोन तारखा सांगा, त्याच क्रमाने. दुसरीच तेवढी सांगितली तर राग येईल, पहिलीच तेवढी सांगितली तर शरम वाटेल. दोन्ही सांगितल्या तर मुलं प्रश्न विचारतील, आणि ते प्रश्न विचारलेले बरे.

भेटू पुढच्या भागात.