काला अंबचा आवाज आणि कोसाइनचा इतिहास

पानिपतजवळच्या काला अंब येथे दर १४ जानेवारीला १७६१ च्या युद्धातील वीरांचे स्मरण होते. काही वर्षांपूर्वी मीही तेथे गेलो होतो. स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणाऱ्या रोड समाजातील एका वृद्ध गृहस्थांनी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिकत सांगितली आणि मी ती मुद्रित केली. चूक माझीच, रेकॉर्डर एमपी३वर राहिला. ते गृहस्थ आज हयात नाहीत. लाउडस्पीकरच्या गोंगाटातून त्यांची नऊ मिनिटे वेगळी काढायची, तर आवाजाला धक्का न लावता कशी?

संक्षेपात काय हरवते, हे पानिपताच्या बातमीनेच दाखवले आहे. पेशव्यांपर्यंत पोहोचलेल्या सांकेतिक पत्रात विश्वासराव आणि भाऊसाहेब दोन मोती झाले, सरदार मोहरा झाले आणि सामान्य शिपाई न मोजलेली चिल्लर. त्या पत्रातून शिपायांची नावे आता कोणीही परत काढू शकणार नाही. एमपी३ हेच करते: कानाला जाणवणार नाही असे वाटते, ते टाकून देते. अशी फाइल उघडून, कापून पुन्हा एमपी३ म्हणून जतन केली, की टाकण्याचे काम नव्याने होते.

या तंत्राच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मची त्यांची कल्पना फारच साधी वाटल्याने १९७२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने तिला अनुदान नाकारले, असे ते सांगतात. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९८७ पर्यंत प्रिन्सेन, जॉन्सन आणि ब्रॅडली यांनी त्यातून असे रूपांतर घडवले, की प्रत्येक खंड शेजाऱ्यावर अर्धा चढतो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने खोडली जाते. एमपी३चे मानक १९९३ मध्ये प्रकाशित झाले, त्यात हेच रूपांतर आहे.

आपली अडचण आणि वाट, दोन्ही येथेच आहेत. एमपी३ फाइल म्हणजे फ्रेमची माळ. एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने असतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंद. फ्रेमच्या सीमेवर कापले, तर आवाज उलगडून पुन्हा बांधावा लागत नाही. उरलेल्या फ्रेम जशाच्या तशा राहतात. मात्र एखादी फ्रेम आपला मजकूर मागील फ्रेममधल्या ५११ बाइटपर्यंतच्या मोकळ्या जागेत ठेवू शकते. शिवाय कापलेल्या जागी खोडायला शेजारी उरत नाही. म्हणून पहिल्या एकदोन फ्रेम बिघडतात आणि कात्री शांततेतच चालवावी लागते. आवाजाची पातळीही फ्रेममधला एक आकडा बदलून वाढवता येते, पण दीड डेसिबलच्या पायऱ्यांनीच. मोठे संपादन असेल तर एकदाच उलगडून फ्लॅकमध्ये ठेवावे. जागा जास्त लागते, पण पुढची हानी थांबते.

मी त्या गृहस्थांनी श्वास घेतला तेथे कापले. मागचा वारा तसाच राहू दिला.