राष्ट्राच्या पापासाठी उपास

मे १७७४. व्हर्जिनियाची राजधानी विल्यम्सबर्ग. बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात बुडवल्या म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने ते बंदर १ जूनपासून बंद करायचे ठरवले होते. बातमी व्हर्जिनियात पोचली, पण तिथले लोक ढिम्म. बोस्टनचे भांडण बोस्टनने निस्तरावे, असा एकूण सूर. तेव्हा विधिमंडळातले काही तरुण सदस्य ग्रंथसंग्रहाच्या खोलीत जमले. पॅट्रिक हेन्री होता, रिचर्ड हेन्री ली होता आणि एकतीस वर्षांचा थॉमस जेफरसन होता. त्यांनी कपाटातून जॉन रशवर्थचे जाडजूड खंड खाली काढले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश यादवीतले ठराव, फर्माने आणि भाषणे या रशवर्थने जमवून ठेवली होती. या मंडळींना त्यातून एकच गोष्ट हवी होती : राष्ट्राने उपास करून देवापुढे नम्र व्हावे, असे फर्मान त्या काळचे कडवे प्रोटेस्टंट, म्हणजे प्युरिटन लोक, कोणत्या शब्दांत काढत.

तसे शब्द सापडले. जुनी भाषा थोडी सुधारून घेतली आणि १ जून हा उपासाचा व प्रार्थनेचा दिवस पाळावा, असा ठराव तयार झाला. तो मांडणार कोण? यांच्यापैकी कुणी मांडला असता तर लोक हसले असते. म्हणून रॉबर्ट कार्टर निकोलस या धीरगंभीर, देवभीरू सदस्याला पुढे केले. ठराव विनाविरोध मंजूर झाला. दोन दिवसांनी गव्हर्नरने सभाच बरखास्त केली आणि सदस्य जवळच्या रॅले टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले. ही सगळी हकिगत जेफरसनने सत्त्याहत्तराव्या वर्षी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. आपण तो ठराव ‘शिजवला’ असे त्याने म्हटले आहे, आणि त्यात खंत नाही. असलाच तर जरासा अभिमान आहे.

‘देश पापात बुडाला आहे, पश्चात्ताप करा, देवाकडे वळा’ ही हाक ख्रिस्ती जगात कितीतरी वेळा उठली. तिचा मागोवा घेताना मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण या हाकेला तयार साचा होता आणि तो कपाटातून काढून वापरता येत होता, हे इथे उघड दिसते.

साच्याचे मूळ अर्थातच बायबलच्या जुन्या करारात. यिर्मया यरुशलेमच्या वेशीवर उभा राहून लोकांना त्यांची पापे मोजून दाखवतो. योएल टोळधाडीनंतर सगळ्या देशाला उपासाला बोलावतो. योनाच्या गोष्टीत निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो आणि माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडवतो. शलमोनाने मंदिर बांधल्यावर देव त्याला जे सांगतो, ते इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात सातव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात आहे : माझ्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना केली आणि आपले वाईट मार्ग सोडले, तर मी त्यांचा देश बरा करीन. या वचनाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे. तूर्त एवढेच लक्षात ठेवायचे की सोडायचे आहेत ते स्वतःचे वाईट मार्ग, शेजाऱ्याचे नव्हेत.

आपल्याकडे गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. संकट बाहेरून आले, ते बाहेर घालवायचे. प्युरिटनांची समजूत नेमकी उलट होती. संकट म्हणजे देवाची छडी, आणि छडी पडली त्या अर्थी खोड घरातच आहे, ती शोधायची. आता ती खोड घरातल्या कुणाची, हा प्रश्न मात्र उरतो, आणि या परंपरेचा सारा इतिहास त्या प्रश्नाभोवती फिरतो.

इंग्लंडमध्ये या प्रकाराला पूर आला तो १६४० नंतर. आयर्लंडमधल्या बंडाचे निमित्त झाले आणि १६४२ पासून दर महिन्याचा शेवटचा बुधवार हा उपासाचा दिवस ठरला. त्या दिवशी पार्लमेंटचे सभासद वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये बसून लांबलचक उपदेश ऐकत, आणि ते उपदेश मग छापून विकले जात. मग पार्लमेंटशी लढणारा पहिला चार्ल्स राजा काय करणार? १६४३ मध्ये त्याने बुधवारचा उपास मोडीत काढून स्वतःचा शुक्रवार जाहीर केला. म्हणजे माणूस कोणत्या वारी उपाशी राहतो, यावरून तो कोणत्या पक्षाचा हे कळू लागले. १६४४ साली तर शेवटचा बुधवार नेमका २५ डिसेंबरला आला. नाताळ की उपास? पार्लमेंटने उपासाच्या बाजूने कौल दिला, वर नाताळातल्या चंगळीचेही प्रायश्चित्त त्याच दिवशी घ्या असे बजावले. सामान्य इंग्रज माणसाला प्युरिटन नकोसे का झाले, याच्या कारणांत हे एक धरायला हरकत नाही.

समुद्रापलीकडे न्यू इंग्लंडमध्ये हा साचा अधिक घट्ट बसला. आपण देवाशी करार करून या रानात आलो, अशी तिथल्या वसाहतकारांची श्रद्धा. त्यामुळे दुष्काळ, देवी, मूलनिवासींशी युद्ध, काहीही झाले की आपण करार मोडला असाच अर्थ निघे. १६७५ मध्ये मूलनिवासींशी असे युद्ध पेटल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या सभेने देवाला चिडवणाऱ्या पापांची यादीच कायद्यात घातली. त्या यादीत पुरुषांचे लांब केस आणि केसांचे टोप आहेत. ज्या मूलनिवासींच्या जमिनी घेतल्या, त्यांचा हिशेब मात्र त्यात शोधून सापडत नाही.

याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६९२ साली सेलमचे चेटूक-खटले झाले. एकोणीस जणांना फाशी दिले, एकाला दगडांखाली चेंगरून मारले. पाच वर्षांनी, १४ जानेवारी १६९७ ला, प्रांताने त्या प्रकरणाची आठवण ठेवून उपासाचा दिवस पाळला. बोस्टनच्या साउथ चर्चमध्ये त्या खटल्यांतला एक न्यायाधीश, सॅम्युएल सीवॉल, मंडळीत बसला होता. त्याची दोन लेकरे त्याआधीच्या वर्षभरात गेली होती. पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना त्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली आणि तो जागेवर उभा राहिला. विलर्डनी ती वाचली : सेलमच्या न्यायालयातला दोष आपण आपल्या माथी घेतो, लाजही आपलीच, देवाने व माणसांनी क्षमा करावी. वाचून होईपर्यंत सीवॉल सगळ्यांदेखत उभा होता. शेवटी त्याने मान लववली आणि तो खाली बसला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन त्या वेळी प्रांताचा कारभार पाहत होता. उपास त्याच्याच राजवटीत पुकारला गेला, आणि त्याने स्वतःची चूक कधीच मान्य केली नाही. शेकडो उपासदिनांच्या या इतिहासात मला सगळ्यांत वजनदार वाटते ती सीवॉलची चिठ्ठी, कारण तीत पापाला कर्ता आहे. तीन वर्षांनी याच सीवॉलने गुलामगिरीच्या विरोधात पुस्तिका लिहिली.

पुढे अमेरिका स्वतंत्र झाली. फ्रान्सशी युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा, १७९८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सने राष्ट्रीय उपास पुकारला. हा कुणा एका पंथाचा डाव आहे असा इतर पंथांना संशय आला, आणि या उपासानेच आपल्याला खुर्चीवरून खाली खेचले असे ॲडम्सने म्हातारपणी लिहिले. त्याच्यानंतर आलेल्या जेफरसनने तर असा दिवस पुकारायला साफ नकार दिला. लोकांनी केव्हा उपास करावा हे ठरवणे सरकारचे काम नव्हे, असे तो म्हणाला. साचा कसा शिजतो हे ज्याने स्वतः पाहिले होते, त्याचाच हा नकार.

ब्रिटनमध्ये हा विषय पुन्हा तापला तो कॉलऱ्यामुळे. १८५३ साली एडिंबरोच्या धर्मगुरूंनी राष्ट्रीय उपासाची विचारणा केली. गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टनचे उत्तर थोडक्यात असे : आधी गरिबांच्या वस्त्या साफ करा, मग प्रार्थना करा. पण चारच वर्षांनी हिंदुस्थानात शिपायांनी बंड केले तेव्हा हाच पामर्स्टन पंतप्रधान होता आणि त्याच्याच कारकिर्दीत ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस देशभर उपास, नम्रता आणि प्रार्थनेसाठी जाहीर झाला. गटारे उपसून बंड शमत नाही, हे खरे.

त्या बुधवारी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये तेवीस वर्षांच्या चार्ल्स स्पर्जनचा उपदेश ऐकायला २३,६५४ माणसे आली. वचन होते मीखाचे, छडीचा आवाज ऐका, असे सांगणारे. स्पर्जनने इंग्लंडची पापे जरूर काढली : अश्लील पुस्तकांचा बाजार, श्रीमंतांचा माज, गरिबांची पिळवणूक. हिंदुस्थानातल्या सरकारचेही पाप काढले. पण ते कोणते, तर त्या सरकारने हिंदू धर्म चालू दिला, तो दडपला नाही! राज्य बळकावल्याबद्दल देवापुढे मान खाली घालावी असे त्याला वाटले नाही. त्या दिवशी इतर व्यासपीठांवरून अफूच्या व्यापाराचा आणि अवध खालसा केल्याचा उल्लेख झाला, हेही नोंदवायला हवे. पण ब्रिटनभर रिकाम्या पोटी प्रार्थना चालू असताना दिल्लीत इंग्रज फौजा शिरून थोडेच दिवस झाले होते. राजाज्ञेने पाळलेला असा उपास ब्रिटनमध्ये त्यानंतर झाला नाही.

बासष्ट वर्षांनी तेच इंग्रजी शब्द उलट दिशेने आले. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी ६ एप्रिल १९१९ ला देशाला नम्रतेचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळायला सांगितले : चोवीस तासांचा उपास, कामधंदा बंद. त्या पहाटे मुंबईत चौपाटीवर लोक समुद्रस्नानाला लोटले आणि मग मिरवणुकीने माधवबागेकडे गेले. अन्याय सरकारचा, तरी शुद्धी आधी स्वतःची, हा क्रम गांधीजींनी सोडला नाही. ख्रिस्ती साच्यातला सर्वांत अवघड भाग होता तोच. तो एका हिंदूने उचलला आणि ख्रिस्ती राज्यकर्त्यांपुढे धरला.

अमेरिकेतही हाक बाहेरच्यांच्या तोंडी गेली तेव्हाच तिला धार आली. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये, एके काळी स्वतः गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लसने स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने गोऱ्या श्रोत्यांना त्यांच्याच संदेष्ट्यांच्या भाषेत झोडपले. मग यादवी आली. राजा आणि पार्लमेंटप्रमाणे इथेही दोन्ही पक्ष उपाशी : दक्षिणेत फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस उपास पुकारतो आहे, उत्तरेत राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन. ३० एप्रिल १८६३ च्या उपासासाठी लिंकनने काढलेले फर्मान प्रसिद्ध आहे. युद्ध ही राष्ट्राच्या पापांची शिक्षा असावी असे त्यात म्हटले आहे, पण गुलामगिरीचे नाव नाही. ते नाव त्याने ४ मार्च १८६५ च्या, दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात घेतले, आणि दक्षिणेला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता शिक्षा उत्तर-दक्षिण दोघींना वाटून दिली. युद्ध जिंकत आलेल्या पक्षाच्या प्रमुखाने असे बोलणे दुर्मीळच. सीवॉलच्या चिठ्ठीशेजारी ठेवता येईल असा दुसरा कागद मला या परंपरेत सापडत नाही.

त्यानंतर साचा राहिला, आतला माल पातळ झाला. मॅसॅच्युसेट्सने दरसालचा उपासदिन १८९४ मध्ये मोडला. न्यू हॅम्पशायरमध्ये तो नुसती वसंतातली सुट्टी बनून १९९१ पर्यंत टिकला. शलमोनाला मिळालेले वचन मात्र वर आले. १९५३ मध्ये आयझेनहॉवरच्या आणि १९८१ मध्ये रेगनच्या शपथविधीला बायबल उघडले होते ते त्याच पानावर. इस्राएलला दिलेले वचन अमेरिकेने कधी आपल्या नावावर करून घेतले, हे तोवर कुणी विचारीनासे झाले होते. १९५२ साली, धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅमच्या वॉशिंग्टनमधल्या सभांनंतर, काँग्रेसने दर वर्षी राष्ट्रीय प्रार्थनादिन पाळण्याचा कायदा केला. १९८८ पासून तो मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी येतो. कायदा अवघ्या एका वाक्याचा आहे. लोकांनी त्या दिवशी प्रार्थना आणि चिंतन करावे, एवढेच त्यात म्हटले आहे. उपासाचा आणि पापाचा उल्लेख त्यात नाही.