इंद्रायणी तांदळाचें कुळ

परदेशची मदत गरीब शेतकऱ्यास तारते कीं त्यास परावलंबी करते, हा वाद जुना आहे. त्याचा निवाडा बहुधा दिलेल्या रकमांच्या आंकड्यांवरून केला जातो. तो एखाद्या पिकाच्या कुळावरूनहि करून पाहण्यासारखा आहे. मावळांतील इंद्रायणी तांदूळ हें असें एक पीक होय. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या नदीचें नांव त्यानें धारण केलें आहे. परंतु त्याच्या पूर्वजांपैकीं एक समुद्रापलीकडील बेटांवरचा आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

मावळचें जुनें वैभव म्हणजे आंबेमोहोर. त्याचा भात मऊ व सुवासिक. पण ताट उंच आणि उत्पन्न बेताचें. खत अधिक घालावें तर ताट आणखी वाढावें आणि पावसावाऱ्यांत आडवें व्हावें. राब भाजून, चिखलांत रोपें लावून जो लहानशा खाचरावर संसार चालवितो, त्या शेतकऱ्यास सुगंधाचा अभिमान होता. परंतु सुगंधानें कणगी भरत नव्हती.

इकडे १९६० सालीं फिलिपाईन्समध्यें लॉस बान्योस येथें फोर्ड व रॉकफेलर या अमेरिकन प्रतिष्ठानांच्या साहाय्यानें आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. इंडोनेशियांतील उंच 'पेटा' आणि तैवानांतील बुटकी 'डी-जी-वू-जेन' या जातींच्या संकरांतून तिनें 'आय. आर. ८' हें वाण निवडलें व १९६६ मध्यें तें प्रसृत केलें. आखूड ताटामुळें तें भरपूर खत पचवूनहि लोळत नसे, आणि त्याच्या उत्पन्नानें जग थक्क झालें. पण दाणा जाडाभरडा, भात निवतांच कठीण, आणि रोगकिडींस बळी पडण्याची खोड!

या नव्या शेतीमागोमाग कर्ज व औषधें आलीं. फिलिपाईन्स सरकारनें १९७३ मध्यें 'मसागाना ९९' या योजनेनें बियाणें व खत यांसाठीं तारणाविना कर्जें वाटलीं. पीक वाढलें, पण पुढें कर्जफेड ढासळली आणि ग्रामीण बँका अडचणींत आल्या. इंडोनेशियांत स्वस्त केलेल्या कीटकनाशकांनीं तुडतुड्यांचे शत्रु मारले आणि तुडतुडे मात्र माजले. अखेर १९८६ मध्यें तेथील सरकारनें भातावरील ५७ औषधांस बंदी केली. त्यानंतर शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरूं लागल्या, व आपल्या बांधावर उभें राहून मित्रकीड कोणती, शत्रु कोणता हें शेतकरी स्वतः पाहूं लागला. फवाऱ्यापेक्षां ही विद्या अधिक टिकाऊ ठरली.

मावळांत घडलें तें निराळ्या रीतीनें. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रानें परकें वाण जसेंच्या तसें शेतकऱ्याच्या गळ्यांत बांधलें नाहीं. 'आंबेमोहोर १५७' व 'आय. आर. ८' यांचा संकर करून, इकडच्या पावसांत व मातींत पारख करून, १९८७ मध्यें इंद्रायणी हें वाण दिलें. बेटांवरून उत्पादनशक्ति आली; मऊपणा आणि वास घरचा राहिला. हें सरळ वाण असल्यामुळें शेतकऱ्यास आपल्या खळ्यावरचें निवडक बीं पुढील वर्षीं पेरतां येतें. दरसाल दुकानाची पायरी चढावी लागत नाहीं.

या लाभाची किंमत मुळींच पडली नाहीं असें नव्हे. इंद्रायणीचा वास आंबेमोहोराच्या तोडीचा नाहीं, आणि खुद्द आंबेमोहोर आज थोड्या खाचरांत उरला आहे. ज्या जातीच्या पोटीं नवें वाण जन्मलें ती जतन न केली, तर उद्यां नवा संकर कशाशीं करावयाचा? शिवाय ज्या खाचरांत हें सर्व पिकावयाचें, त्यांतील कित्येकांवर आतां बंगले उभे राहत आहेत.

तेव्हां मदत परकी कीं स्वदेशी, हा प्रश्न दुय्यम आहे. देणारा परत गेल्यावर शेतकऱ्याच्या हातांत काय उरतें, हें पाहावें. कर्ज उरलें तर ती मदत नव्हे. बीं, विद्या आणि जमीन उरली, तर पाहुण्याचा तो उपकार पुढल्या पिढीसहि पुरेल.