परदेशी शिक्षणाचा दुसरा अर्ज

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात यंदा कुणी परदेशात एमबीए किंवा मॅनेजमेंटच्या मास्टर्ससाठी अर्ज करतंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

परदेशी शिकायला जाणारा प्रत्येक विद्यार्थी खरं तर दोन अर्ज करतो. पहिला विद्यापीठाकडे. निबंध, शिफारसपत्रं, जीमॅट, आयईएलटीएस वगैरे. त्याबद्दल सांगणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. दुसरा अर्ज पैशासाठी असतो. कधी तो राजाकडे गेला, कधी ट्रस्टकडे, कधी सरकारकडे आणि आता बँकेकडे. मी नोकरीतली बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यामुळे माझ्या टेबलावर हा दुसराच अर्ज यायचा. निवृत्तीनंतर त्याचा इतिहास वाचायला घेतला. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पैसा देणारा बदलला की अट बदलते, आणि परदेशी कोण जाणार, काय शिकणार, परत येणार की नाही, हे बरंचसं ती अट ठरवते.

सुरुवात आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या उदाहरणाने करू. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट लेखी होती: शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. कोलंबियात एम.ए.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता प्राचीन भारतातला व्यापार. पुढे १९१६ ला ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. लंडनने पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करायला चार वर्षांची सवलत दिली. विद्यापीठ थांबायला तयार होतं, पैसा थांबायला तयार नव्हता.

अट पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही, हे आपण शाळेपासून वाचतो. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठवले. मार्च १९२० ला आपल्या कागलजवळच्या माणगावात परिषद झाली, तिथे शाहू महाराज स्वतः आले होते. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. गाठीला स्वतःची बचत, एका मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत. १९२३ ला डी.एस्सी. पूर्ण झाली. इतकी असामान्य बुद्धी असूनही मधली वर्षं गेली ती पैशाच्या जुळवाजुळवीत.

दुसरा प्रकार ट्रस्टचा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभा केला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. ते दान नव्हतं, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून कमवायला लागलात की फेडा, म्हणजे पुढच्याला देता येईल. नोकरी कुठे करायची याची सक्ती नाही. आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या निधीच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. हा निधी आजही चालू आहे आणि पुढचा विद्यार्थी मागच्याच्या परतफेडीवर जातो.

आता तिसरा टप्पा, स्वातंत्र्यानंतरचा. व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी हे मुळात अमेरिकेचं अपत्य. हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ ची, जीमॅट परीक्षेचा पहिला अवतार १९५४ चा. पण त्या काळात आपल्याकडून एमबीएला जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. का? हुशारी नव्हती म्हणून नाही, डॉलर नव्हते म्हणून. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी जाणाऱ्याला खिशात आठ डॉलर घेऊन जायची परवानगी होती, हे त्या पिढीतले लोक अजून सांगतात. घरी पैसा असला तरी तो डॉलरमध्ये बदलून न्यायला रिझर्व्ह बँकेची मंजुरी हवी. म्हणजे प्रामुख्याने तोच जाणार, ज्याचा खर्च तिकडचं विद्यापीठ उचलेल. विद्यापीठ खर्च उचलायचं ते इंजिनिअर आणि शास्त्रज्ञाचा, कारण त्यांच्याकडून प्रयोगशाळेत आणि वर्गात काम करून घेता यायचं. बिझनेस स्कूलला तशा हातांची गरज फारशी नव्हती. म्हणून त्या पिढीतला अमेरिकेला गेलेला काका बहुतेक वेळा इंजिनिअर, डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ असतो, एमबीए क्वचित.

मग सरकारने उलटा मार्ग धरला. विद्यार्थी तिकडे पाठवता येत नाहीत तर विद्या इकडे आणा. १९६१ ला अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने सुरू झालं, त्याच वर्षी कोलकात्याचं एमआयटीच्या सहकार्याने. मुंबईचं जमनालाल बजाज १९६५ चं, त्यामागे स्टॅनफर्ड.

चौथा टप्पा आपण जगतोय तो. १९९१ नंतर परकीय चलनावरची बंधनं सैल होत गेली. आज एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. २००१ साली बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आणली, त्यात परदेशी शिक्षणासाठी पंधरा लाखांपर्यंतची तरतूद होती. दार उघडलं, हे खरं. पण अटी दोन आल्या. एक कागदावर लिहिलेली, एक न लिहिलेली.

लिहिलेली अट तारणाची. साडेसात लाखांच्या वर गेलं की मालमत्ता तारण हवी. कुठली? फ्लॅट, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. माझ्यासमोर शिरोळ तालुक्यातले एक वडील सातबारा घेऊन बसले होते. पाच एकर बागायती ऊस, नदीकाठची काळी जमीन. मुलाला इंग्लंडमधल्या चांगल्या विद्यापीठाचं पत्र आलेलं. मला नाही म्हणावं लागलं. शेवटी त्यांच्या मेव्हण्याच्या पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर कर्ज झालं. जमिनीची किंमत त्या फ्लॅटच्या कितीतरी पट होती.

यात बँकेचा हटवादीपणा नाही, कायदा आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला, पण त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन वगळली. शेतकऱ्याची जमीन सहज जाऊ नये म्हणून ते वगळणं योग्यच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की जमीन असूनही गावाकडचा मुलगा बँकेच्या लेखी बिनतारणाचा. गावठाणातल्या वाडवडिलांच्या घराला ग्रामपंचायतीचा उतारा असतो, मालकीचा पक्का कागद नसतो. २०२० ला स्वामित्व योजना आली, ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळायला लागलं. ज्यांचं राहिलंय त्यांनी ते आधी करून घ्या. हा मुलाच्या शिक्षणाशी संबंधित कागद आहे.

न लिहिलेली अट जास्त अवघड. चाळीस लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, म्हणजे महिना सुमारे ५३ हजार हप्ता. शिकतानाचं व्याज वेगळं. इथल्या सुरुवातीच्या पगारात हे बसत नाही. म्हणजे तिकडे नोकरी लागलीच पाहिजे, आणि काही वर्षं टिकलीच पाहिजे. सयाजीरावांची अट होती "परत ये". बँकेच्या हप्त्याची अट आहे "येऊ नकोस".

आणि ही अट पाळणं विद्यार्थ्याच्या हातात नाही. ब्रिटनने शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबायची सोय २०१२ ला बंद केली, २०२१ ला दोन वर्षांसाठी पुन्हा दिली, आणि आता जानेवारी २०२७ पासून मास्टर्सवाल्यांना दीड वर्षच मिळणार आहे. अमेरिकेत एमबीएनंतर कामाला बारा महिने मिळतात, अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान गटात, म्हणजे 'स्टेम'मध्ये, नोंदलेला असेल तर आणखी चोवीस. नुसत्या त्या एका नोंदीवर दोन वर्षांचा फरक! सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. तो महिना इथल्या किती आईबापांनी कसा काढला असेल! कर्ज दहा-पंधरा वर्षांचं, आणि नियम एका रात्रीत बदलतो.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्याची अनुसूचित जातींसाठीची परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण २०२५ ला केंद्राच्या यादीत निवड झालेल्या १०६ पैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं निघाली, बाकीच्यांना निधी असेल तर बघू असं सांगितलं गेलं. विद्यापीठाची अनामत भरायची तारीख त्यासाठी थांबत नाही. १९१७ आणि २०२५ यांत याबाबतीत फार अंतर नाही.

म्हणून यंदा अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं सोपं आहे. दुसरा अर्ज आधी करा. विद्यापीठांची यादी करण्याआधी पैशाची यादी करा. हप्ता इथल्या पगारावर मांडून बघा. कॉलेजला ईमेल करून विचारा की सर्वांचं नको, परदेशी विद्यार्थ्यांचं नोकरीचं प्रमाण सांगा. 'मोफत' सल्ला देणाऱ्या एजंटला विचारा की त्याला कमिशन कुठल्या विद्यापीठाकडून मिळतं. आणि टाटांच्या निधीसारखे जुने ट्रस्ट शोधा, त्यांच्याकडे अर्ज करायला लाजू नका.

आणि लोकप्रतिनिधींना विचारायच्या गोष्टी दोन. शिष्यवृत्तीचा निकाल विद्यापीठाच्या तारखांच्या आत का लागत नाही? देशातल्या निवडक संस्थांत शिकणाऱ्यांच्या कर्जाला पीएम-विद्यालक्ष्मीत सरकारची हमी आहे, मग ज्याच्या बापाकडे फक्त सातबारा आहे अशा मुलाला परदेशी कर्जासाठी राज्याने काही प्रमाणात हमी का देऊ नये? शंभर वर्षांपूर्वी आपल्या छोट्याशा संस्थानाने अडलेल्या विद्यार्थ्याला हात दिला होता. त्या मानाने आजचं राज्य बरंच मोठं आहे.

तुमच्याकडे कुणाचं कर्ज तारणामुळे अडलं असेल तर कमेंटमध्ये तालुका आणि अडचण लिहा. नावं नकोत. यादी झाली की निवेदन देऊ.