शवासन, बीपी आणि दौंडची रेल्वेलाइन

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक करा. तुमचे खांदे आत्ता कुठे आहेत बघा. कानाजवळ सरकलेत? माझेही तिथेच असतात. रांजणगावला शिफ्ट करून शिरूरला खोलीवर आलो की मान दगडासारखी झालेली असते.

ही सवय घरचीच. बाबा दौंडला रेल्वेत गार्ड होते (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात). नाइट करून यायचे, आडवे पडायचे, पण झोपेतसुद्धा मुठी वळलेल्या. पन्नाशीत बीपी निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, रोज शवासन करा. बाबा हसले. "नुसतं पडून राहायला डॉक्टर कशाला लागतो?"

मलाही तेव्हा ते पटलं होतं. पुढे शोधायला बसलो, तर गोष्ट आमच्याच रेल्वेलाइनवरची निघाली.

शवासन जुनंच. हठप्रदीपिकेत ते थकवा घालवणारं म्हणून येतं. पण त्याला यंत्रं लावून तपासायचं कुणी? 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं आणि आसनं करताना रक्तदाबाचं काय होतं हे मोजायला लागले. तिकडे अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाचे डॉक्टर वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नाकडे निघाले होते. त्यांचं पुस्तक आलं 1929 मध्ये. त्यांची पद्धत अशी, की एकेक स्नायू आधी मुद्दाम ताणायचा, तो ताण नीट ओळखायचा आणि मग सोडून द्यायचा. आधी हात, मग पाय, असं करत करत कपाळ, डोळे, जीभ. कारण ताण ओळखताच आला नाही, तर सोडणार काय?

आता परळला या. केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या 47 रुग्णांना शवासन शिकवलं. निकाल 1969 मध्ये 'अँजिओलॉजी' या जर्नलमध्ये छापून आला. नुसतं पडणं नव्हतं बरं का ते! अर्धा तास, पोटाने संथ श्वास, श्वास सोडल्यावर जरा जास्त थांबायचं आणि लक्ष नाकपुड्यांशी जाणवणाऱ्या हवेवर. नीट जमायला साधारण तीन आठवडे लागायचे. ज्या 10 जणांना गोळ्या नव्हत्या, त्यांचा सरासरी दाब 134 वरून 107 वर आला. गोळ्या घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा डोस कमी करता आला, पण सगळ्यांचा नाही. आणि हो, डोस डॉक्टरांनी कमी केला, रुग्णांनी परस्पर नाही!

माझ्या मते या अभ्यासात एक उणीव आहे. शवासन न करणारा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नाही, त्यामुळे आकडे जपूनच घ्यायचे. पण प्रश्न पुढे गेला. इंग्लंडमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी योग आणि बायोफीडबॅक एकत्र वापरून 1973 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं.

हे सगळं मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. परळ, लोणावळा, पुणे, दौंड, एकच लाइन हो बाबा, म्हटलं. ते गप्प. मग म्हणाले, "तीन आठवडे ना? बघू."

पहिल्या आठवड्यात ते पाचव्या मिनिटाला घोरायचे. आई म्हणते, गोळी चालूच आहे, पण घोरताना मुठी उघड्या असतात.